निम्म्याचं निम्मं

पातळबाई हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे वेगळं सांगायला नको. आणि हे नाव नेसण्याच्या पातळावरून पडलं असं ज्याला वाटेल त्याने तो विचार लगेच सोडून द्यावा, कारण एकतीस वर्षांत बाईंना कामावर कोणी पँट आणि पांढऱ्या कोटाशिवाय पाहिलं नाही. नव्यानं नोकरीला लागलेल्या एकानं हौसेनं विचारलं होतं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "मी पातळ नेसत नाही, मी पातळ करते." तो बिचारा ओशाळून उगाचच फ्रीज पुसायला लागला.

काय पातळ करायच्या, तर रक्त. म्हणजे रक्ताची नळी गरगर फिरवली की लाल भाग खाली बसतो आणि वर जे पिवळसर पाणी राहतं ते, त्याला सीरम म्हणतात. त्या पाण्यात हार्मोन असतात आणि ते मोजणं हे बाईंचं काम. ते असतात तरी किती? पोहण्याच्या तलावात चिमूटभर मीठ टाकून ढवळलं आणि नंतर कोणी विचारलं की मीठ नेमकं किती टाकलं होतं, तर काय सांगाल? बाईंना ते सांगावं लागायचं, रोज, दीड-दोनशे तलावांबद्दल, सकाळी सातपासून.

प्रयोगशाळा काचसामानाच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर होती. रक्त घ्यायची एक खोली, मशीनची एक, आणि फ्रीजची एक, जिच्यात उन्हाळ्यात सगळ्यांना काही ना काही काम निघायचं. मशीन मोठं, कपड्यांच्या कपाटाएवढं. एका बाजूनं नळ्या आत जायच्या, दुसऱ्या बाजूला पडद्यावर आकडे यायचे. मधे काय होतं याची चौकशी आताशा कोणी करत नसे. बाईंना मात्र ती खोड होती, आणि ती खोड त्यांना मास्तरांनी लावलेली.

मास्तर म्हणजे त्यांचे पहिले साहेब. त्या काळी हे मशीन नव्हतं. हार्मोनला किरणोत्सारी खूण लावायची, शंभर शंभर काचनळ्या मांडायच्या, ठरलेले थेंब टाकायचे, रात्रभर थंडीत ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी एकेक नळी मोजणीयंत्रात सरकवून आलेले ठोके वहीत उतरवायचे. मग आलेखाचा कागद घेऊन पेन्सिलीनं वक्ररेषा काढायची आणि त्या रेषेवरून आकडा वाचायचा. दोन दिवसांत चाळीस माणसांचे आकडे व्हायचे, पण प्रत्येक आकडा बाईंच्या हाताखालून गेलेला असे. मास्तर मागे उभे राहून एकच गोष्ट सांगायचे. आकडा विचित्र वाटला की नमुना निम्मा पातळ कर, मग त्याचाही निम्मा. खरा असेल तर आकडाही निम्मा होत जाईल. नाही झाला तर तू मोजतेयस ते दुसरंच काहीतरी आहे, आणि ते काय आहे हे कळेपर्यंत मला तोंड दाखवू नकोस.

मास्तर फटकळ होते. बाईंनी त्यांच्याकडून काम घेतलं आणि तोंडही घेतलं, असं त्यांचे यजमान म्हणत. यजमान मोटार चालवायला शिकवायचे. आयुष्यभर शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक मारल्यामुळे त्यांचा उजवा पाय जेवतानाही अधूनमधून जमिनीवर दाबला जायचा. बाई तावातावानं बोलायला लागल्या की तो हमखास दाबला जायचा. बाईंवर त्याचा काडीचाही परिणाम होत नसे.

तर अशा बाईंच्या डोक्यावर तीन वर्षांपूर्वी नवा मॅनेजर आला. वाईट माणूस नव्हता. पूर्वी मशीन विकायचा, त्यामुळे मशीनवर त्याची भक्ती होती. नळी आल्यापासून रिपोर्ट जाईपर्यंत किती मिनिटं लागली याचा तक्ता त्यानं भिंतीवर लावला, जादा वेळ गेला की त्यावर लाल ठिपका. मग नियम काढला. आकडा मशीनच्या आवाक्यात असेल तर नमुना पातळ करायचा नाही, कारण मशीनच्या एकेका खेळाला, म्हणजे फेरीला, अठरा मिनिटं जातात. बाई पहिल्यांदा भांडल्या. त्यानं दाखवलं की रोज सकाळी मशीनला ठरावीक ताकदीचं सीरम पाजून बघतात आणि ते रोज बरोबर मोजतं. मग हा संशय कशाला? बाईंकडे त्या दिवशी उत्तर नव्हतं. वर वय सत्तावन्न, निवृत्तीला तीन वर्षं. त्यांनी मान डोलावली आणि पुढची अडीच वर्षं नियम पाळला. याची त्यांना पुढे किती लाज वाटली हे पुढे येईलच.

त्या गुरुवारी रक्त घेणारी रजेवर होती म्हणून बाई स्वतः सुई घेऊन बसल्या. समोर अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांची एक मुलगी आली, रंग उडालेला, ओठ कोरडे. तिच्यासोबत तिची सासू होती, ताठ, आणि आवाज असा की बाहेरच्या बाकावरचे तीन जण सावरून बसले. सासूबाई जन्मभर टेलिफोनच्या केंद्रात ऑपरेटर होत्या, तो आवाज तिथला.

चिठ्ठीवर गर्भारपणाच्या हार्मोनची तपासणी लिहिली होती. बाई सहज म्हणाल्या, "कितवा महिना?"

मुलीच्या डोळ्यांतून टपकन पाणी पडलं. सासूबाई म्हणाल्या, "महिना नाही आणि काही नाही. ऐका तुम्ही. हिची पाळी चुकली म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासलं, आकडा आला दोनशे आठ. आम्ही खूश. सोनोग्राफी केली तर आत काहीच नाही. मग पिशवी साफ केली, तरी आकडा तिथेच. आता म्हणतात कुठेतरी गाठ लपलीय, तीच हे सोडतेय. कॅन्सरची. सोमवारपासून औषध देणार शिरेतून. केस जातील म्हणाले. आणि उपयोग झाला नाही तर पिशवीच काढणार. हिला दोन वर्षं मूल हवंय हो."

बाईंनी मुलीच्या दंडाला पट्टा बांधला. हात उताणा केला तेव्हा बोटांवर बारीक बारीक व्रण दिसले, टाचणी टोचल्यासारखे.

"हे काय चावलंय?"

"उंदीर," मुलगी म्हणाली. "पांढरे. मी प्राण्यांच्या दुकानात आहे ना. ससे, उंदीर, पक्षी. पिंजरे मीच साफ करते. सहा वर्षं झाली."

"आणि घरी पट्टी लावून नाही बघितलंस? लघवीची, दुकानात मिळते ती?"

"बघितलं होतं. दोनदा. एकच रेघ आली. डॉक्टर म्हणाले त्या पट्ट्यांचा भरवसा नसतो, रक्ताचं खरं."

बाईंनी नळी भरली, कापूस दाबून धरायला लावला, आणि लेबल चिकटवताना त्यांचा हात थोडा थांबला. ती पट्टी पंचवीसलाच दुसरी रेघ दाखवते. पंचवीस कुठे आणि दोनशे आठ कुठे. पट्टी भिकार असली तरी इतकी आंधळी नसते.

मशीननं त्या दिवशी आकडा दिला दोनशे बारा. बाईंनी जुने काढले. दोनशे आठ, दोनशे पंधरा, दोनशे दहा, आता दोनशे बारा. पाच आठवडे. मूल असतं तर दर दोन-तीन दिवसांनी दुप्पट झाला असता. मूल गेलं असतं तर उतरला असता. गाठ असती तरी इतकी शिस्तीत एका जागी बसून राहिली नसती. हा आकडा नुसता बसला होता, सरकारी खुर्चीत बसावं तसा.

शुक्रवारी सकाळी बाई सहालाच आल्या. मशीनला लागणाऱ्या रसायनांच्या खोक्यात एक घडी केलेला कागद येतो, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांचा, जो सगळीकडे खोक्याबरोबर कचऱ्यात जातो. बाईंनी तो टेबलावर पसरला आणि भिंग लावून वाचला. त्यांना जे आठवत होतं ते तिसऱ्या घडीत सापडलं.

हे समजायला सोपं आहे. मशीन हार्मोनला दोन हातांनी पकडतं. एक हात त्याला खालून धरून ठेवतो, दुसरा वरून धरतो आणि त्या दुसऱ्या हातात दिवा असतो. जितके दिवे पेटले तितका हार्मोन. हे हात म्हणजे प्रतिपिंडं, आणि ती उंदरांपासून बनवतात. आता जिला सहा वर्षं उंदीर चावतायत, तिच्या रक्तानं उंदरांशी लढायची स्वतःची फौज तयार केलेली असू शकते. ती फौज मशीनमध्ये गेली की समोर दिसतात ते उंदराचेच दोन हात. ती धरते दोघांनाही आणि टाकते एकमेकांना बांधून. मधे हार्मोनचा पत्ता नाही, पण दिवे लख्ख. आणि मशीन बापडं प्रामाणिकपणे दिवे मोजतं. लघवीत ही फौज उतरत नाही, आकारानं फार मोठी असते. म्हणून पट्टीवर एकच रेघ.

बाईंनी चार छोट्या नळ्या मांडल्या. पहिलीत नमुना तसाच, दुसरीत निम्मा, तिसरीत चौथाई, चौथीत आठवा हिस्सा. चार खेळ, तक्त्यावर चार लाल ठिपके. यायला हवे होते दोनशे बारा, एकशे सहा, त्रेपन्न, सव्वीस. आले ते असे. दोनशे बारा, अठ्ठेचाळीस, तीन, आणि शेवटच्या नळीत काहीच नाही.

बाई खुर्चीत टेकल्या. त्यांना आनंद झाला, आणि त्याच्या मागोमाग असा संताप आला की हात धुवायला गेल्या तर साबण दोनदा हातातून निसटला.

मॅनेजर नऊला आला आणि आधी ठिपके बघितले. "हे चार खेळ कशाचे?"

बाईंनी कागद समोर ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, तेवढं श्रेय त्याला द्यायला हवं.

"बाई, सकाळची मशीनची चाचणी बरोबर आली ना?"

"आली."

"मग मशीन बरोबर आहे."

"मशीन बरोबर आहे. ते दिवे मोजतं आणि दिवे तेवढेच आहेत. मी म्हणतेय ते दिवे हार्मोनचे नाहीत."

"हे ठरवायचं काम डॉक्टरांचं. आपण आकडा द्यायचा. हॉस्पिटलला चारपर्यंत रिपोर्ट हवाय, सोमवारी त्यांची औषधाची तयारी आहे. आणि आज आपण म्हटलं की हा आकडा खोटा, तर ते विचारतील आधीचे तीन का दिले. त्याला काय उत्तर देऊ?"

"आम्ही बघितलं नाही, हे उत्तर दे. खरं आहे ते."

त्याचा चेहरा उतरला. इथं रिपोर्टची पद्धत सांगायला हवी. खाली दोन चौकटी असतात. एकीत 'तपासले', तिथं बाईंची सही. दुसरीत 'मंजूर', तिथं मोठ्या डॉक्टरांची, जे आठवड्यातून दोनदा येतात आणि पहिल्या चौकटीत सही असली की डोळे झाकून दुसरीत करतात. पहिली चौकट रिकामी असेल तर रिपोर्ट जात नाही.

"मी सही करणार नाही," बाई म्हणाल्या. "दोनशे बारा असा आकडा माझ्या सहीनं जाणार नाही. लिहायचं असेल तर लिही, की पातळ केल्यावर आकडा टिकत नाही, दुसऱ्या पद्धतीनं तपासा, लघवी तपासा. त्याखाली मी आत्ता सही करते."

"असं वाक्य आपल्या रिपोर्टच्या नमुन्यात बसत नाही."

"मग नमुना बदल. ती पोरगी तुझ्या नमुन्यात बसवण्यासाठी जन्माला नाही आली."

दुपारी बाई डबा खाऊन परत आल्या तर रिपोर्ट गेलेला होता. दोनशे बारा. खाली 'तपासले'च्या चौकटीत बाईंची सही, सुबक, शेवटी ओढलेल्या रेघेसकट. दोन महिन्यांपूर्वी कॉम्प्युटरवर सह्या चढवल्या होत्या त्यातली. मॅनेजर नजर टाळत म्हणाला, "तुमची सही आतच होती, बाई. मी फक्त बटण दाबलं. वेळ झाली होती."

बाईंनी कोट काढला, चारही नळ्या बर्फाच्या डब्यात ठेवल्या, मुंगीच्या अक्षरांचा कागद घडी करून पर्समध्ये टाकला, आणि चिठ्ठीवरच्या नंबरावर सासूबाईंना फोन लावला.

"उद्या सकाळी सुनेला घेऊन हॉस्पिटलच्या दारात या," त्या म्हणाल्या. "मी येतेय. आणि येताना लघवीच्या पट्ट्या आणा. दोन-तीन आणा."

घरी यजमानांनी सगळं ऐकलं. पाय दोनदा दाबला गेला. मग म्हणाले, "निवृत्तीला सहा महिने राहिलेत."

"माहीत आहे."

"नाही, म्हणजे मी सोडायला येतो, एवढंच म्हणत होतो."

शनिवारी सकाळी कॅन्सरच्या विभागाबाहेर दीड तास बसावं लागलं. डॉक्टर बाई होत्या, चाळिशीच्या, गडबडीतल्या, डोळ्यांखाली काळं. त्यांनी डब्याकडे बघितलं, मग पातळबाईंकडे.

"तुम्ही कोण?"

"जिच्या आकड्यावरून तुम्ही हिला सोमवारी औषध देणार आहात, ती मी."

"रिपोर्ट कालच आला. सही आहे तुमची."

"सही माझी आहे, केली मी नाही. त्याची तक्रार मी करणार आहे, पण आज त्यासाठी आले नाही. हे चार आकडे बघा."

डॉक्टरांनी बघितले. हुशार बाई होती, दुसऱ्या आकड्यापाशीच कपाळाला आठी पडली. तरी म्हणाल्या, "स्कॅनमध्ये काही दिसत नाही, पिशवीतून काही निघालं नाही. अशी गाठ लपलेली असते. वाट बघण्यात धोका असतो, हेही समजून घ्या."

"काही दिसत नाही म्हणून लपलंय, हे मला समजतं. काही दिसत नाही कारण काही नाही, हेही एकदा तपासून बघा. पाच मिनिटं लागतील. हिची लघवी तपासा, आत्ता, तुमच्यासमोर. दोनशेचा हार्मोन असेल तर दोन रेघा येतील. आल्या तर मी माफी मागून घरी जाईन."

मग सासूबाई म्हणाल्या, त्यांच्या मते हळू आवाजात, म्हणजे ओळीतल्या शेवटच्या माणसाला ऐकू गेलं एवढ्या, "डॉक्टर, आमच्या केंद्रात चुकीचा नंबर लागला तर आम्ही माफी मागून लाईन तोडायचो. इथं चुकीच्या नंबरावर औषध चालू करतात का?"

डॉक्टरांना हसू आलं नाही, पण त्यांनी नर्सला बोलावलं. सासूबाईंच्या पट्ट्या नको म्हणाल्या, हॉस्पिटलच्याच काढल्या. मुलगी आत जाऊन आली. पट्टी टेबलावर ठेवली आणि चौघी तिच्याकडे बघत बसल्या. एक रेघ आली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. दुसरी पट्टी लावली. तिच्यावरही एकच.

मुलीनं विचारलं, "म्हणजे काय?"

डॉक्टर म्हणाल्या, "म्हणजे सोमवारी औषध नाही." त्यांनी स्वतःच्या हातानं कागदावर रेघ मारली. वेगळ्या पद्धतीच्या प्रयोगशाळेत नमुना पाठवायचं लिहिलं. तिथून मंगळवारी उत्तर आलं, की हार्मोन नाही, मोजण्याइतकाही नाही. पण ते पुढे. त्या दिवशी मुलगी खुर्चीतून उठली आणि सासूच्या खांद्यावर डोकं टेकून इतकी रडली की सासूबाईंचा आवाज पहिल्यांदा बसला. बाईंनी डबा उचलला. काम झालं होतं, आता घरी जावं, यजमान खाली गाडीत ताटकळले असतील.

"थांबा," डॉक्टर म्हणाल्या. दार लावून घेऊन त्या खुर्चीत बसल्या, आणि त्यांचा आवाज बदलला होता. "गेल्या वर्षी माझ्याकडे एक होती. एकतीस वर्षांची. आकडा नव्वदच्या आसपास, असाच थांबलेला. औषधाच्या चार फेऱ्या दिल्या, हलला नाही. मग गर्भाशय काढलं. तपासलं तर त्यात काही मिळालं नाही. आकडा अजून नव्वदच आहे. दर तीन महिन्यांनी येते. मंगळवारी यायचीय."

बाई उभ्याच होत्या. "रिपोर्ट कुठले?"

डॉक्टरांनी फाईल काढली. प्रयोगशाळा तीच होती. 'तपासले'च्या चौकटीत सही होती, ओढलेल्या रेघेसकट. तेव्हा कॉम्प्युटरवर सह्या नव्हत्या. ही पेनानं केलेली होती. सहा रिपोर्ट, सहा सह्या. मशीनच्या आवाक्यातला आकडा, म्हणून पातळ केलेला नाही. नियमाप्रमाणे.

"ही मी केलीय," पातळबाई म्हणाल्या.

मंगळवारी त्या दुसऱ्या बाईचं रक्त आलं. पातळबाईंनी कोणाला न विचारता चार नळ्या मांडल्या. नव्वद, बावीस, एक, काही नाही. लघवीची पट्टी, एक रेघ. या बाईला उंदीर वगैरे काही नव्हते, काहींच्या रक्तात ही फौज आपसूकच असते. बाईंनी कागद मॅनेजरच्या टेबलावर ठेवला आणि या वेळी त्यानं भिंतीवरच्या तक्त्याकडे बघितलंसुद्धा नाही.

बुधवारी दुपारी प्रयोगशाळेत बैठक झाली. मालक आले, मोठे डॉक्टर आले, हॉस्पिटलचे दोघे आले. सगळे फार समजूतदारपणे बोलले. अंतर्गत चौकशी होईल. पद्धत सुधारली जाईल, संशय आला की पातळ करायचं, हाही ठराव झाला. बाईंचे आभार मानले. मग मालक म्हणाले, "त्या पेशंटला मात्र आत्ताच काही सांगायचं नाही. चौकशी पूर्ण झाल्यावर योग्य वेळी योग्य माणूस सांगेल."

"योग्य माणूस कोण?" बाईंनी विचारलं.

हॉस्पिटलच्या एकानं मोबाईल उलटा करून ठेवला.

"ती चौदा महिने कॅन्सर आहे असं समजून जगतेय. उद्याही तसंच जगेल. तुमची चौकशी होईपर्यंत तिनं रोज मरायचं का?"

"बाई," मालक म्हणाले, "ही सूचना समजा. लेखी देतो. तुम्ही तिच्याशी संपर्क केलात तर तुमची सहा महिन्यांची नोकरी मी वाचवू शकणार नाही. आणि दोष पहिला तुमच्यावरच येईल. सह्या तुमच्या आहेत."

"म्हणूनच मी सांगणार," बाई म्हणाल्या. त्यांनी तो लेखी कागद घेतला, पोच म्हणून सही केली, तारीख घातली, आणि खाली उतरल्या. यजमान शिकाऊ गाडी घेऊन उभेच होते, छपरावरच्या पाटीसकट. बाईंनी पत्ता सांगितला. वाटेत एकदाही त्यांचा पाय विनाकारण दाबला गेला नाही.

ती बाई चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायची. दगडी चाक फिरत होतं, पाण्याची बारीक धार त्यावर पडत होती. डोक्यावर केस आले होते, बोटभर, कुरळे. पातळबाईंनी दारातूनच सांगितलं आपण कोण, कुठून आलो. चाक थांबलं.

मग त्यांनी सांगितलं. गाळलं काही नाही. आकडा खोटा होता. मशीन नाही, बघणारे चुकले. बघणाऱ्यांत मी पहिली. पातळ करून बघायला हवं होतं, मला येत होतं, मी केलं नाही, कारण करू नका म्हणून नियम होता आणि मी ऐकलं. तुम्हाला कॅन्सर नाही. कधीच नव्हता.

त्या बाईनं हातातली काच फडक्यावर ठेवली. "म्हणजे माझ्या पोटात काही नव्हतंच."

"नव्हतं."

"जे काढलं ते चांगलं होतं."

"चांगलं होतं."

तिनं हात लांब करून तोटी बंद केली. "तुम्हाला कोणी पाठवलं? डॉक्टरांनी?"

"कोणी नाही. येऊ नका म्हणून लिहून दिलंय." बाईंनी मालकांचा कागद पर्समधून काढून तिच्यासमोर ठेवला. तिनं तो पूर्ण वाचला, तारखेसकट.

"हे जे मला सांगितलंत, ते त्यांच्या तोंडावर सांगाल?"

"सांगेन. उद्या सकाळी तुम्ही म्हणाल तिथं येते."

त्या बाईनं गळ्यातला रबरी अॅप्रन काढून खिळ्याला अडकवला आणि कागद घडी करून स्वतःच्या खिशात घातला.

"उद्या कशाला?" ती म्हणाली. "आत्ता कुठे साडेतीन वाजलेत. सगळे तिथंच असतील."